मॉन्ट्रियलची दिरंगाई

१९९७ च्या क्योटो करारातील कलम २.२ कुणी फारसे वाचत नाही. त्या कलमाने आंतरराष्ट्रीय विमानांच्या उत्सर्जनाचा प्रश्न मॉन्ट्रियलच्या ‘आयकाओ’कडे, म्हणजेच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपवला. पुढची १५ वर्षे संघटनेने ठराव केले. विमान कंपन्यांच्या कार्बनवर बंधन मात्र घातले नाही.

२०१२ मध्ये युरोपीय संघाने परदेशी कंपन्यांनाही आपल्या कार्बन-बाजारात ओढले, तेव्हा भारत, चीन, अमेरिका, रशिया सारेच खवळले. युरोपने माघार घेतली खरी, पण २०१६ ची ‘कॉर्सिया’ योजना जन्मली ती त्या धाकातून, सदिच्छेतून नव्हे.

आणि योजना तरी कशी? उत्सर्जन घटवण्याची सक्ती नाहीच. २०१९-२० च्या सरासरीपेक्षा ते वाढले, तर इतरत्र वाचवलेल्या कार्बनचे श्रेय विकत घ्यायचे. महासाथीत २०२० चा आकडा कोसळला, तशी ही सरासरीही खाली येणार होती. परिषदेने ते वर्षच हिशेबातून वगळले! २०२१ ते २०२३ मध्ये भरपाईचा बोजा शून्य. (पुढे आधाररेषा २०१९ च्या ८५ टक्क्यांवर आणली, हेही नोंदवावे लागेल.)

१९४४ च्या शिकागो करारातील कलम २४ नुसार परदेशातून आलेल्या विमानाच्या टाकीतील इंधनाला सीमाशुल्क माफ आहे. ते कलम आजही जागच्या जागी आहे.