पहिली तपासणी कोणाची?

लग्नाला दोन-तीन वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे एक ठरलेला क्रम सुरू होतो. देवीला कौल लावला जातो, नवस बोलले जातात आणि अखेरीस सासूबाई सुनेला घेऊन डॉक्टरांची पायरी चढतात. हा शेवटचा टप्पा सुधारणेचा म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. परंतु सोबत जो असावयास हवा तो पती घरीच राहिलेला असतो, याचे कोणालाच नवल वाटत नाही.

वैद्यकशास्त्र याबाबत निःसंदिग्ध आहे. वर्षभराच्या सहजीवनानंतरही गर्भधारणा झाली नाही तर तपासणी करावी, स्त्रीने पस्तिशी ओलांडली असल्यास सहा महिन्यांनीच करावी, आणि ती दोघांचीही करावी. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या बाबतीत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा सहभागी कारण असते. त्याची प्राथमिक तपासणी म्हणजे वीर्याचा नमुना देणे. त्यात ना सुई, ना वेदना, खर्चही बेताचा. स्त्रीच्या वाट्याला मात्र पाळीच्या ठराविक दिवशी रक्त देणे, वारंवार सोनोग्राफी, गर्भाशयात औषध सोडून गर्भनलिकांचे क्ष-किरण चित्रण आणि प्रसंगी पोटाला छेद देऊन दुर्बिणीने पाहणी. सोपे टाळून कठीणापासून आरंभ करणे हे शास्त्र नव्हे. ती पुरुषी अहंकाराची जपणूक होय.

स्त्रियांच्या तपासणीलाच आमचा विरोध आहे, असे कोणी समजू नये. क्षयासारखा रोग गाजावाजा न करता गर्भनलिका बंद करतो आणि तपासणीवाचून तो कळतही नाही. आमचा आक्षेप आहे तो एकतर्फीपणाला आणि भयाच्या व्यापाराला. ‘एएमएच’ या संप्रेरकाची रक्ततपासणी आज ‘जननक्षमतेची परीक्षा’ म्हणून अविवाहित तरुणींनाही विकली जाते. वस्तुतः तिच्यावरून बीजकोशांतील उरलेल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज येतो व उपचारांत औषधाची मात्रा ठरविण्यास तिची मदत होते. वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या ३० ते ४४ वर्षांच्या स्त्रियांविषयीचे एक संशोधन २०१७ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संप्रेरक कमी असलेल्यांची नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता त्यात इतरांहून कमी आढळली नाही. मग एका आकड्यापायी तरुण मुलीची झोप उडविण्याचा अधिकार कोणाला?

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ साली विनामूल्य टेस्ट ट्यूब उपचारांची सोय झाली, ही अभिनंदनीय गोष्ट आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा केंद्रांवर जोडप्याच्या समुपदेशनाची जबाबदारीही टाकली आहे. आमची सूचना साधी आहे. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही केंद्राने पतीचा अहवाल हाती आल्याखेरीज पत्नीवर कष्टदायक तपासणी करू नये. यासाठी नवा निधी लागत नाही, केवळ निश्चय लागतो.

मराठीत ‘वांझ’ म्हणून बाईला हिणविता येते. पुरुषासाठी तसा शब्द आपण कधी रूढच होऊ दिला नाही. तो घडवावा असे आमचे म्हणणे नाही. आहे तो शब्द घराघरांतून हद्दपार व्हावा, आणि त्याचा आरंभ म्हणून दवाखान्याच्या बाकावर पत्नीशेजारी पतीनेही येऊन बसावे.