आडनावापुढचा ‘दी’

फ्रेंच-कॅनडियन घराण्यांच्या ज्या वंशावळी गेल्या काही महिन्यांत या मासिकाकडे प्रसिद्धीसाठी आल्या, त्यांतील बहुतेकींत एकच दोष आढळतो, आणि तो नजरचुकीचा नसून सवयीचा असल्यामुळे त्याची सविस्तर दखल घेणे भाग आहे.

क्युबेकमधील चर्चच्या जुन्या नोंदवह्यांत मूळ आडनावापुढे ‘दी’, म्हणजे आपल्याकडील ‘उर्फ’, लिहून दुसरे नाव जोडलेले असते. ते कधी सैन्यातले टोपणनाव असे, कधी जमिनीवरून वा मूळ गावावरून पडलेले असे. 1665 मध्ये आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतील जे सैनिक तेथेच स्थायिक झाले, त्यांच्यामुळे अशा नावांत बरीच भर पडली. पुढे एक शाखा मूळ आडनाव चालवी, दुसरी उर्फनाव, आणि एकाच माणसाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक नाव व विवाहनोंदीत दुसरे, असेही सर्रास होई. स्वित्झर्लंडमधील फ्रीबूरचा सुतार पिएर मिविल ‘ल स्विस’ म्हणून ओळखला जाई, त्याचा मुलगा जाक याला ‘देशेन’ हे नाव लागले, आणि आज या घराण्याचे वंशज मिविलही आहेत व देशेनही. ‘देशेन’ हा लेखनिकाचा प्रमाद समजून खोडणारा अभ्यासक अर्धे घराणेच खोडतो.

याच जाकचा विवाह 1669 मध्ये कातरिन द बायों हिच्याशी झाला. चौदाव्या लुईच्या खजिन्यातून खर्च करून 1663 ते 1673 या काळात वसाहतीत पाठवलेल्या, ‘राजाच्या मुली’ म्हणवल्या जाणाऱ्या वधूंपैकी ती एक असून तिची वंशरेषा संशोधकांनी फ्रान्सच्या राजघराण्यापर्यंत नेऊन भिडवली आहे. तिला ‘कातरिन मिविल’ लिहिले की ही रेषा जागच्या जागी तुटते. तेथील चर्चच्या व नोटरींच्या दप्तरांत स्त्री मरेपर्यंत माहेरच्या आडनावानेच नोंदली जाई, आणि 1981 पासून क्युबेकच्या कायद्यानेही तेच बंधनकारक केले आहे. मराठी अभ्यासक मात्र लग्नानंतर नाव बदलण्याची आपली रीत तेथेही लादतात. वतनावरून पडलेले आडनाव कोणते व मूळ कोणते, हे आपल्या कुलवृत्तांतांत काटेकोरपणे नोंदवणाऱ्यांनीच परक्या दप्तरापुढे इतके ढिले व्हावे, हे अक्षम्य आहे.

बाप्तिस्म्याच्या वेळी मुलग्यांच्या नावाआधी ‘जोसेफ’ आणि मुलींच्या नावाआधी ‘मारी’ लावण्याची प्रथा होती, त्यामुळे एकाच घरात तीन जोसेफ दिसले तरी पहिले दोघे दगावले असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मृत्यूची नोंद सापडल्याशिवाय तसे लिहूच नये, कारण रोजच्या वापरातले नाव बहुधा शेवटचे असते.

आधार धरायचा तो विवाहनोंदीचा. प्रथम विवाहाच्या नोंदीत सहसा वधूवरांच्या आईवडिलांची नावे, आईच्या माहेरच्या आडनावासह, मिळतात. पुनर्विवाहात त्यांच्या जागी बहुधा दिवंगत जोडीदाराचे नाव येते, म्हणून पहिला विवाह शोधल्याखेरीज पुढे जाऊ नये. सिप्रिएं तांगे यांचा 1871 ते 1890 या काळातील सात खंडांचा वंशकोश वाट दाखवतो. पण त्यात चुका आहेत, आणि त्यावरून उतरवून घेणे म्हणजे पडताळणी नव्हे.

यापुढे पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक वंशावळीत दर पिढीच्या विवाहाची तारीख व धर्मग्राम द्यावे, उर्फनावे नोंदीत असतील तशीच ठेवावीत, आणि स्त्रियांची नावे माहेरच्या आडनावाने लिहावीत. हे नसेल ती वंशावळ परत पाठवली जाईल.