फुकट घेतो, तर तपासूनही पाहू



रविवारचे पत्रक, मिस्सेची गीते, धर्मशिक्षण वर्गाच्या प्रश्नपत्रिका हे सारे आमच्याकडे लिब्रेऑफिसवर होते. पैसे पडत नाहीत, हे त्याचे खरे कारण. २०१० साली ओपनऑफिसपासून ते वेगळे झाले. बर्लिनची 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ते सांभाळते. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये नवी आवृत्ती येते. त्याआधी अल्फा आणि बीटा या कच्च्या आवृत्त्या कुणालाही वापरून पाहता येतात. त्या नेहमीच्या आवृत्तीशेजारी वेगळ्या बसतात, त्यामुळे रोजचे काम अडत नाही.

"हे इंजिनिअर मुलांचे काम," असे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे शब्द पाहा. एका र-च्या रूपाने डोंगरातली दरी समुद्र होते. छपाईत तो र बिघडला तर संगणक तक्रार करत नाही, आणि मराठी न वाचणाऱ्या प्रोग्रामरला दोन्ही शब्द सारखेच. तिथे निवृत्त मराठी शिक्षिकाच हवी. शिवाय आपल्या बेळगावात एकाच पानावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी येते. असे पान परदेशातल्या प्रोग्रामरच्या टेबलावर सहसा नसते, ते आपल्याकडे दर आठवड्याला असते.

चूक दिसली तर "चालत नाही" एवढे कळवून उपयोग नाही. कोणती आवृत्ती, विंडोज की लिनक्स, कोणत्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे साध्या इंग्रजीत लिहावे. सोबत छोटी नमुना फाइल जोडावी. मात्र ती सर्वांना दिसते! बाप्तिस्मा नोंदवहीतली खरी नावे तिच्यात नकोत.

आणखी एक काम आहे, ज्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. इतरांनी कळवलेली चूक आपल्या संगणकावर होते का, ते पाहायचे. दुसऱ्या कुणी ती पडताळेपर्यंत नोंद 'अपुष्ट' राहते. अर्ध्या तासात एक नोंद तपासून होते. आपल्या युवकांना सेवेचे काम शोधत फिरावे लागते म्हणतात, त्यांनी हे करून पाहावे.

फेब्रुवारीच्या आवृत्तीची बीटा साधारण डिसेंबरात येते. तेव्हा नाताळचे पत्रक तयार झाले, की त्याची एक प्रत तिच्यात उघडा आणि छापील पानाशी ओळीन् ओळ ताडून पाहा.