रामदास बोटीचा धडा

टायटॅनिक कोठें बुडाली, हें पेण-रोह्याच्या शाळेंतील मूलही सांगेल. परंतु रामदास कोठें बुडाली, असें विचारल्यास किती मुलांस उत्तर देतां येईल? आगगाडी येण्यापूर्वीं धरमतर व रेवस हीच ज्या मुलखाचीं मुंबईचीं द्वारें होतीं, त्या मुलखानें हें विसरावें ही खेदाची गोष्ट आहे.

गुरुवार, 17 जुलै 1947. स्वातंत्र्य अवघ्या 29 दिवसांवर आलें होतें व आषाढी अमावास्या तोंडावर होती. सकाळीं आठच्या सुमारास ही बोट भाऊच्या धक्क्यावरून सातशेंच्या आसपास उतारू घेऊन रेवसकडे निघाली. वाटेंत, काशाच्या खडकाजवळ, खवळलेल्या समुद्राचें पाणी एका बाजूनें आंत शिरतांच घाबरलेले उतारू दुसऱ्या बाजूस धांवले. त्या भारानें बोट कलंडली आणि सहाशेंहून अधिक जीव बुडाले. जे थोडे वाचले, त्यांतील पुष्कळांस रेवसच्या कोळी बांधवांनीं पाण्याबाहेर काढलें.

ह्यास दैवाचा कोप म्हणून हात झटकणें सोपें आहे. आमचें मत निराळें आहे. टायटॅनिक 1912 सालीं बुडाली तेव्हां तिच्या बिनतारी हांकेवरून कार्पेथिया धांवून आली व सुमारें सातशें माणसें वांचलीं. त्या आपत्तीनंतर 1914 सालीं राष्ट्रांनीं लंडन येथें सागरी सुरक्षिततेचे नियम ठरविले. त्यानंतर तब्बल 33 वर्षांनीं, मुंबई बंदराच्या उंबरठ्यावर बुडणाऱ्या रामदासवर मात्र बिनतारी यंत्र नव्हतें! मुंबईस वार्ता कळेपर्यंत दुपार उलटली. महासागरावरील धनिकांच्या प्राणांस जें मोल, तें खाडीवरील गरिबांच्या प्राणांस नव्हतें, असेंच म्हणावें लागेल. आणि इशारा मिळाला नव्हता असेंही नाहीं. 11 नोव्हेंबर 1927 रोजीं जयंती व तुकाराम ह्या दोन बोटी एकाच दिवशीं ह्याच किनाऱ्यावर वादळांत बुडाल्या होत्या.

आतां काळ पालटला, असें कोणी म्हणेल. 18 डिसेंबर 2024 रोजीं घारापुरीस निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगवान होडी आदळली व डझनाहून अधिक माणसें दगावलीं. टक्कर हा उतारूंचा दोष नव्हे. परंतु त्या बोटीवर परवान्याहून अधिक माणसें होतीं आणि अनेकांच्या अंगावर तरंगण्याचें जॅकेट नव्हतें, हेंही तितकेंच खरें.

म्हणून आमचें सरकारास व बंदर खात्यास सांगणें आहे कीं, प्रत्येक बोटीवर परवान्यांतील उतारूंची संख्या ठळक मराठींत लिहावी. सुटण्यापूर्वीं डोकीं मोजावीं. प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट चढल्यावांचून दोर सोडूं नये. आणि आमच्या वाचकांसही एक सांगणें आहे. भरलेल्या बोटींत 'आणखी एक मावेल' म्हणून चढणारा आपणच असतों. नियम मोडण्याचें निम्में पाप त्याचें. रामदासच्या मृतांस दर 17 जुलैस फुलें वाहणें उचितच. परंतु भरलेली बोट सोडून पुढच्या बोटीची वाट पाहणें, हेंच त्यांचें खरें श्राद्ध होय.