वाघ मोजले, वनस्पतींचे काय?

भारताच्या संसदेने १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा केला. या कायद्याच्या मूळ व्याख्येत प्राण्यांचा स्वतंत्र उल्लेख होता. मधमाश्या, फुलपाखरे, मासे, पतंग यांचाही होता. वनस्पतींना मात्र 'अधिवासाचा भाग असलेली वनश्री' एवढेच स्थान मिळाले. म्हणजे वाघ हा वन्यजीव आणि तो ज्या गवतात दबा धरतो ते गवत म्हणजे त्याच्या घराची भिंत! विशिष्ट वनस्पतींना संरक्षण देणारे प्रकरण या कायद्यात यायला १९९१ साल उजाडावे लागले. तेव्हाही सहाव्या परिशिष्टात नोंदी झाल्या त्या अवघ्या सहा. त्यांत कुष्ठ होते, घटपर्णी होती, ईशान्येकडील ऑर्किड होती. महाराष्ट्राच्या सह्याद्रीतील एकही वनस्पती नव्हती. सुमारे १८ हजार सपुष्प वनस्पतींच्या या देशात ही सहा नावे तीन दशके पुरली. २०२२ सालच्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली, वनस्पतींना तिसरे परिशिष्ट मिळाले. परंतु परिशिष्ट बदलल्याने दृष्टी बदलत नाही.

या उपेक्षेची किंमत काय असते, हे 'नरक्या' सांगेल. ज्या वर्षी हा कायदा झाला, त्याच १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतील या झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवून दिले. कर्करोगावरील औषधांचा हा मूलस्रोत. जगाच्या बाजारात त्याला भाव आला आणि कोकणापासून घाटमाथ्यापर्यंत नरक्यावर कुऱ्हाड पडू लागली. एखाद्या वाघाची शिकार झाली की वृत्तपत्रांचे रकाने भरतात, चौकशी समित्या बसतात. ते योग्यच आहे. पण नरक्याची मोळी घाट उतरून गेली, तर ती ओळखणारा तरी नाक्यावर कोणी असतो काय?

ओळखणारा नसतो, कारण आपण तो घडवलाच नाही. समोरची वनस्पती न दिसण्याच्या या प्रवृत्तीला वँडरसी आणि शुस्लर या अमेरिकन अभ्यासकांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस 'वनस्पती-अंधत्व' असे नाव दिले. आपल्या शाळेतील मुलाला आफ्रिकेतील जिराफ ठाऊक असतो, शाळेच्या कुंपणावरची गुळवेल ठाऊक नसते. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळेत रमतो. रानात हिंडून वनस्पती ओळखणाऱ्या वर्गीकरणशास्त्राला मात्र जुनाट ठरवले जाते. थिओडोर कुक या आयरिश अभ्यासकाने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची सिद्ध केली. आजचा विद्यार्थीही अनेकदा तिच्याकडेच वळतो. यात कुकचा गौरव आहे, आपला नाही.

आणि ही विद्या परकी होती, असे तरी कोठे आहे? सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा १२ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामागे ज्ञान होते ते इट्टी अच्युतन या वैद्याचे आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोकणी पंडितांचे. या तिघांचे नागरी लिपीतील निवेदन त्या ग्रंथातच छापलेले आहे. ज्या समाजाने जगाला झाडे ओळखायला शिकवली, त्याच समाजाच्या नातवंडांना आज आपटा आणि कांचन यांतला फरक सांगता येत नाही!

अज्ञानाचे हे पीक प्रत्यक्ष कृतीत अधिकच उफाळून येते. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला. पुढे तो आकडा ३३ कोटींवर गेला. उत्साह स्तुत्य होता. परंतु कोणते झाड, कोणत्या मातीत, हा प्रश्न आकड्यांच्या गजरात ऐकू येत नाही. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ मध्य अमेरिकेची. माळढोकाच्या माळरानावर अशी झाडे लावणे म्हणजे संरक्षण नव्हे, ते त्या गवताचे उच्चाटन होय. कासच्या पठाराला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला तो उंच वृक्षांमुळे नव्हे. जांभ्याच्या कातळावर बोटभर मातीत उगवणाऱ्या सीतेच्या आसवांमुळे, वायतुऱ्यामुळे, कंदीलपुष्पांमुळे. तसेच कातळ आणि सडे अन्यत्र मात्र सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून नोंदले जातात!

दोष केवळ शासनाला देऊन समाजाला मोकळे होता येणार नाही. देवराई ही आपल्या पूर्वजांची अलौकिक देणगी. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात या राया अभ्यासल्या, तेव्हा विज्ञानालाही तिचे मोल कळले. पण आज जीर्णोद्धाराच्या नावाखाली रायीतील झाडे विकून त्याच पैशातून सिमेंटचा सभामंडप उभा राहतो. देव पक्क्या घरात गेला आणि त्याची राई गेली! वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या बाजारात विकायला येतात, दसऱ्याला आपटा ओरबाडला जातो. याला धर्माचरण म्हणता येईल काय? रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'ने आरमारासाठीसुद्धा रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू दिला नव्हता. ही झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे त्यामागील कारण. स्वराज्याच्या आरमाराहून आपला सभामंडप मोठा आहे काय?

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. प्रत्येक जिल्ह्यातील दुर्मीळ वनस्पतींची गणना वाघांच्या गणनेइतक्याच गांभीर्याने व्हावी. वनरक्षकाच्या प्रशिक्षणात स्थानिक वनस्पतींची ओळख अनिवार्य असावी. २००२च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी तयार व्हावयाच्या लोकजैवविविधता नोंदवह्या कंत्राटदाराने नव्हे, तर गावातल्या वैदूंनी, गुराख्यांनी आणि आजीबाईंनी भराव्यात. रोपवाटिकेत निलगिरीऐवजी उंबर, करंज, बेहडा, हिरडा दिसावा. आणि देवस्थानांच्या विश्वस्तांनी राईची तोड हा देवद्रोह मानावा.

वाघ वाचलाच पाहिजे. पण वाघ हरणावर जगतो आणि हरीण गवतावर. ज्याला गवताचे नाव ठाऊक नाही, त्याने वाघ वाचवण्याच्या गोष्टी कराव्यात कशाच्या बळावर?