शिरेतून दिलेलं हृदयाचं औषध

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात मी शाळेतून परतले, तर मामंजींच्या छातीत धडधड सुरू झालेली. इस्पितळात नेलं. नाडी दीडशेच्या वर! डॉक्टरांनी विचारलं, "एस्मोलॉल शिरेतून देऊ या. दमा, मधुमेह काही?" घाईत मी "नाही" म्हणून मोकळी झाले. मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, थंडीत ते पंप ओढतात ना!" डॉक्टरांनी लगेच दुसरं औषध निवडलं. मी मात्र घाबरून गार झाले.

हे 'बीटा ब्लॉकर' जातीचं औषध. हृदयाचे ठोके आवरतं, पण दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात. कुणाचा रक्तदाब उतरतो, मग घाम, चक्कर, मळमळ. कुणाची नाडी फारच मंदावते. सुईच्या जागी आग होते, सूज येते. मधुमेहात साखर उतरली की एरवी होणारी धडधड या औषधामुळे झाकली जाते, आणि धोका उशिरा कळतो.

तरी भिऊ नका. एस्मोलॉलचा असर ठिबक थांबवल्यावर साधारण अर्ध्या तासात ओसरतो, आणि तोवर नाडी-रक्तदाबावर नर्सची नजर असतेच. रोग्याला दम लागला, हाताची आग झाली, तर तिला ताबडतोब हाक मारा. ठिबकाला मात्र स्वतः हात लावू नका.

आणि आजच एका चिठ्ठीवर घरातल्या प्रत्येकाचे जुने आजार, चालू गोळ्या, न सोसणारी औषधं लिहून पर्समध्ये ठेवा. माझ्या पर्समध्ये आता ती असते!