मर्ल ओबेरॉन : दडवलेला जन्म आणि मोजणीत हरवलेला समाज

मार्च २०२३ मध्ये मलेशियाच्या मिशेल यो यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर पुरस्कार मिळाला, तेव्हा वृत्तमाध्यमांना एक विशेषण जपून वापरावे लागले. या गटात नामांकन मिळवणाऱ्या यो या आशियाई वंशाच्या पहिल्याच अभिनेत्री, असे म्हणता येत नव्हते. कारण १९३५ च्या 'द डार्क एंजल' या चित्रपटासाठी मुंबईत जन्मलेल्या ब्रिटिश अभिनेत्री मर्ल ओबेरॉन यांना हे नामांकन मिळालेले होते. आपले आशियाई मूळ मात्र ओबेरॉन यांनी हयातभर दडवून ठेवले.

१९ फेब्रुवारी १९११ रोजी जन्मलेल्या ओबेरॉन यांचे मूळ नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. पिता म्हणून नोंद असलेले गृहस्थ रेल्वेतील ब्रिटिश अभियंता होते. आईकडील घराण्याचे मूळ श्रीलंकेत होते. बालपणीच त्या कोलकात्यास गेल्या. तेथे मिश्र वंशावरून होणाऱ्या टोमण्यांमुळे त्यांना शाळा सोडावी लागली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या युरोपात गेल्या. निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांच्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३) या चित्रपटातील अॅन बोलिनच्या छोट्या भूमिकेने त्या प्रकाशात आल्या. 'द स्कार्लेट पिम्परनेल' (१९३४) आणि 'वुदरिंग हाइट्स' (१९३९) या चित्रपटांनी त्यांचे स्थान पक्के केले. प्रसिद्धीसाठी मात्र त्यांचा जन्म ऑस्ट्रेलियातील टास्मानियात झाल्याची कथा रचण्यात आली. ज्यांनी त्यांना आई म्हणून वाढवले त्या शार्लट यांची ओळख घरातील मोलकरीण अशी करून दिली जात असे, असेही सांगितले जाते. १९७९ मध्ये ओबेरॉन यांचे निधन झाले. त्यांच्या जन्माची खरी हकिकत त्यानंतरच सर्वज्ञात झाली.

या असत्याकडे केवळ व्यक्तिगत दोष म्हणून पाहता येत नाही. हॉलिवूडच्या तत्कालीन आचारसंहितेत पडद्यावर वर्णसंकराचे चित्रण निषिद्ध होते. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून होणारे स्थलांतर रोखले होते. सत्य सांगण्याची किंमत म्हणजे कारकिर्दीचा अंत, हे उघड होते.

रेल्वेच्या गावांतील समाज

ओबेरॉन ज्या अँग्लो-इंडियन समाजात वाढल्या, त्याचा इतिहास रेल्वेशी निगडित आहे. १८७० मध्ये जबलपूर येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि ईस्ट इंडियन हे दोन रेल्वेमार्ग जोडले गेले आणि मुंबई-कोलकाता लोहमार्ग पूर्ण झाला. जबलपूर, भुसावळ, इगतपुरी येथील रेल्वे वसाहतींत इंजिनचालक, गार्ड, तारबाबू अशा नोकऱ्यांमध्ये हा समाज स्थिरावला. इंग्रजांनी त्याला बरोबरीचे मानले नाही आणि भारतीयांना तो परका वाटला. स्वातंत्र्यानंतर अनेक कुटुंबे ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलियास निघून गेली.

मागे राहिलेल्यांसाठी राज्यघटनेने लोकसभेत दोन नामनिर्देशित जागांची तरतूद केली. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या विधानसभांतही प्रत्येकी एक जागा होती. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० मध्ये ही तरतूद संपुष्टात आली. २०११ च्या जनगणनेनुसार देशात केवळ २९६ अँग्लो-इंडियन आहेत, असे सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत सांगितले होते. समाजाच्या प्रतिनिधींनी हा आकडा साफ अमान्य केला. प्रत्यक्ष संख्या कित्येक पटींनी अधिक असल्याचे त्यांचे म्हणणे आहे.

विशेष प्रतिनिधित्व कायम असावे की नसावे, यावर मतभेद असू शकतात. मुदतीने दिलेली सवलत कधीतरी संपणारच, हा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु ज्या संख्येच्या आधारे निर्णयाचे समर्थन झाले, ती संख्याच वादग्रस्त असेल, तर आधी मोजणी नेमकी होणे आवश्यक ठरते. २०२७ साठी अधिसूचित झालेल्या जनगणनेत ही संधी आहे.

ओबेरॉन यांना आपली ओळख लपवावी लागली, कारण ती सांगणे धोक्याचे होते. आज ती सांगण्यात धोका नाही. मात्र ती सांगणाऱ्यांची नोंद सरकारदरबारी नीट होणार की नाही, हा प्रश्न जबलपूरच्या रेल्वे वसाहतीपासून मुंबईपर्यंत उरलेल्या कुटुंबांपुढे कायम आहे.